मोबाइलची फुटलेली स्क्रीन घरच्या घरी कशी बदलावी

रोप लावणीच्या दिवसांत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात फोन बांधावर ठेवलेला असतो. तो कुणाच्या तरी पायाखाली येतो, किंवा ट्रॅक्टरवर चढताना खिशातून निसटून दगडावर आपटतो. लावणीची घाई असताना एक दिवस फोन दुकानात टाकायला बेळगावला जायचे आणि दोन दिवसांनी तो आणायला पुन्हा जायचे, हे कोणालाच परवडत नाही. शिवाय आता त्या फोनमध्ये बँकेचे खाते असते, यूपीआय असते, मुलांचे दाखले आणि घरच्यांचे फोटो असतात. दुरुस्तीसाठी पासवर्ड मागितला की घरातल्या बायका संकोचतात आणि त्यांचे ते संकोचणे रास्तच आहे. म्हणून गेली काही वर्षे घरातल्या आणि भावकीतल्या फोनचे डिस्प्ले मी स्वतः बदलतो. या कामाला फार मोठे कसब लागते असे मला वाटत नाही. मात्र कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हा क्रम चुकला तर चांगला हातही नवा डिस्प्ले वाया घालवतो. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या, सपाट स्क्रीनच्या आणि प्लास्टिकच्या पाठीच्या अँड्रॉइड फोनसाठी आहे.

नेमके काय फुटले आहे?

फोनच्या तोंडावर दिसतो तो भाग तीन थरांचा असतो. सर्वांत वर काच, तिच्या खाली बोटाचा स्पर्श ओळखणारा टच आणि त्याखाली चित्र दाखवणारे पॅनेल. कारखान्यात हे थर पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. बाजारात या सगळ्या जोडकामाला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात आणि घरी बदलायचा असतो तो हा पूर्ण फोल्डरच. नुसती वरची काच बदलून देतात हे खरे, पण त्यासाठी काच वेगळी करण्याचे गरम ताट, निर्वात दाबाने चिकटवण्याचे यंत्र आणि बुडबुडे काढण्याचे यंत्र लागते. केस वाळवायच्या ड्रायरवर हे काम करायला गेलेल्याचे पॅनेल बहुधा जाते. चित्र स्वच्छ दिसत असेल, टच सगळीकडे चालत असेल आणि फक्त काचेला तडा असेल, तर घाई करू नये. पारदर्शक चिकटपट्टी किंवा टेम्पर्ड लावून फोन वापरावा आणि सवडीने काचेचे काम यंत्र असलेल्या दुकानात करून घ्यावे.

काळी शाई सांडल्यासारखा डाग, उभ्या-आडव्या रेषा, अर्धा पडदा पांढरा होणे किंवा कोणी हात न लावता आपोआप टाइप होणे यांपैकी काही दिसत असेल, तर फोल्डर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. फोन वाजतो पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी अंधाऱ्या खोलीत त्यावर टॉर्चचा झोत तिरका टाकून पाहावा. पुसटसे चित्र दिसले तर पॅनेल शाबूत असून मागचा प्रकाश गेलेला आहे, आणि दोष फोल्डरऐवजी मदरबोर्डवरही, म्हणजे फोनच्या आतल्या मुख्य सर्किटवरही, असू शकतो. ही परीक्षा एलसीडी पडद्यालाच लागू पडते, कारण ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि त्याला मागून प्रकाश लागत नाही. सॅमसंगच्या फोनवर *#०*# आणि शाओमी-रेडमीच्या फोनवर *#*#६४८४#*#* डायल केल्यास कंपनीचीच चाचणी उघडते. तिथे पडदा एकेका रंगाने भरून आणि टच कोपऱ्याकोपऱ्यात फिरवून पाहता येतो.

काही फोन घरी उघडूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वॉरंटीत असलेला किंवा स्क्रीनचा विमा काढलेला फोन आधी सेवा केंद्रातच न्यावा. कडांना वळलेली स्क्रीन, दुमडणारा फोन आणि महागडा ओएलईडी फोन पहिल्या प्रयत्नासाठी नाहीत. आयफोनची रचना वेगळी आहे. तो बहुधा पुढून उघडतो, त्याला खाली पेंटालोब, म्हणजे पाच पाकळ्यांच्या खाचेचे, स्क्रू असतात, आणि आयफोन ११ पासून पुढच्या फोनमध्ये बाहेरचा डिस्प्ले बसवला की सेटिंग्जमध्ये तसा इशारा दिसतो. आणि फोनची पाठ वर उचललेली असेल, पडदा कडेने फुगल्यासारखा दिसत असेल, तर आत बॅटरी फुगलेली आहे. असा फोन दाबू नये, गरम करू नये आणि घरी खोलू नये.

कंपन्यांची सेवा केंद्रे, सुट्या भागांच्या किमती आणि दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर नावाचे संकेतस्थळ सुरू केले. भाग विकत घेण्यापूर्वी आपल्या कंपनीची माहिती तिथे पाहून घ्यावी, म्हणजे घरी करण्यात खरोखर किती पैसे वाचतात हे कळते. फोल्डरची किंमत जुन्या फोनच्या आजच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त जात असेल, तर मी स्वतः तो खर्च करत नाही.

आधी माहिती वाचवावी

पडदा दिसतो पण टच चालत नाही, अशा फोनला ओटीजी जोडणीने (चार्जिंगच्या भोकात बसणारी, माउससारखे साधन जोडणारी लहान जोडणी) संगणकाचा साधा माउस लावता येतो. पडद्यावर बाण उमटतो, त्याने पॅटर्न किंवा पिन टाकून कुलूप उघडता येते आणि फोटो, संपर्क व व्हॉट्सअॅपचा बॅकअप घेता येतो. डिस्प्ले बदलल्याने फोनमधली माहिती पुसली जात नाही, परंतु बोर्डला धक्का लागला तर ती परत मिळेलच असे नाही. एवढ्या एका कारणासाठी तरी बॅकअप घेणे टाळू नये.

फोन पाण्यात किंवा चिखलात पडून फुटला असेल, तर सिमचा ट्रे काढून आत पाहावे. पुष्कळ फोनमध्ये तिथे एक लहान पांढरी पट्टी असते आणि पाणी लागले की ती लाल किंवा गुलाबी होते. तसे असेल तर नवा फोल्डर आणण्याची घाई करू नये, कारण पाण्याने बोर्ड गेला असेल तर फोल्डरचे पैसे बुडतात. आपल्या भातपट्ट्यात भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवण्याची रीत पडली आहे. ती सोडून द्यावी. तांदूळ आतले पाणी ओढून घेत नाही, उलट त्याचा कोंडा आणि बारीक कण चार्जिंगच्या भोकात जातात. ॲपल कंपनीनेही आपल्या सूचनांमध्ये हे करू नका असे सांगितले आहे.

फोल्डर विकत घेताना

पहिली मोठी चूक इथेच होते. एकाच नावाच्या फोनचे दोन-तीन प्रकार असतात आणि त्यांचे फोल्डर एकमेकांना बसत नाहीत. कधी पडद्याची जात वेगळी असते, कधी स्ट्रिप, म्हणजे बोर्डाला जोडणारा चपटा लवचीक पट्टा, वेगळ्या बाजूने निघतो. म्हणून फोनचे नाव सांगून भाग मागू नये. सेटिंग्जमधल्या फोनविषयीच्या पानावरचा किंवा खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक कागदावर लिहून न्यावा. खानापूरकर भागासाठी बेळगाव गाठतात, निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते. कुठेही गेलात तरी पक्के बिल घ्यावे आणि त्यावर मॉडेल क्रमांक व परत घेण्याची मुदत लिहून घ्यावी. बिल कन्नडमध्ये छापलेले असले आणि घरात ते वाचणारे कोणी नसले, तरी मुदतीची अट तिथल्या तिथे विचारून घ्यावी, कारण वाद होतो तो पुढे याच अटीवरून.

दुकानदार ओरिजिनल, कॉपी, इनसेल, टीएफटी असे शब्द वापरतो (इनसेल आणि टीएफटी हे एलसीडीचेच प्रकार). यातला एक फरक समजून घेतलाच पाहिजे. मूळ फोनला ओएलईडी पडदा असेल आणि स्वस्तात एलसीडी जातीची कॉपी घेतली, तर रंग फिके पडतात, जाडी किंचित वाढते, आणि पडद्याखाली ठशाचा सेन्सर असून पडद्यावरच बोट ठेवून उघडण्याची सोय असेल तर ती बंद पडते. त्या सेन्सरला पडद्यातून पलीकडे पाहावे लागते आणि एलसीडीच्या मागचा प्रकाशाचा थर त्याची वाट अडवतो. बसवणाऱ्याच्या हातून काही चुकले असे समजून लोक फोन पुन्हा पुन्हा उघडत बसतात, पण दोष भागाच्या निवडीतच असतो.

फोल्डर फ्रेमसह घ्यावा की फ्रेमविना, हाही विचार करावा. फ्रेमसह घेतला तर जुनी काच खरवडावी लागत नाही आणि नवी काच चिकटवावीही लागत नाही. मात्र बोर्ड, बॅटरी, कॅमेरा, स्पीकर, बटणांची पट्टी असे सारे सामान एका सांगाड्यातून दुसऱ्यात हलवावे लागते. बॅटरीखाली ओढून काढायची चिकट पट्टी असेल तर नवख्या माणसाने फ्रेमसहच घ्यावा. बॅटरी घट्ट गोंदाने बसवलेली असेल तर तिला उचकटण्याचा धोका पत्करण्यापेक्षा फ्रेमविना घेतलेला बरा. पुढची कृती फ्रेमविना फोल्डरची आहे.

सामान आणि जागा

स्क्रूड्रायव्हरचा लहान संच, सक्शन कप, प्लास्टिकचे पातळ ओपनर किंवा गिटारच्या दोन-तीन पिक, टोकदार प्लास्टिकची काडी, चिमटा, केस वाळवायचा ड्रायर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बी-७००० गोंदाची नळी, रुंद रबर बँड आणि चिकटपट्टी एवढ्यावर काम होते. फिलिप्स ०० मापाचे (अधिकच्या चिन्हासारखे) टोक चांगल्या पोलादाचे असावे. मऊ टोकाने स्क्रूचे डोके एकदा घासले गेले की पुढचे सगळे अडते. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण काचेचा कण उडतो तो दिसत नाही.

काम दिवसा, खिडकीपाशी करावे. वीज गेली तरी ते थांबत नाही आणि बारीक स्क्रूंना दिवसाचा उजेडच बरा. पंखा बंद ठेवावा. टेबलावर फिक्या रंगाचे धुतलेले सुती कापड पसरावे, म्हणजे पडलेला स्क्रू घरंगळत नाही आणि लगेच दिसतो. माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेत अंगात स्थिर वीज साठते, तेव्हा बोर्डाला हात लावण्यापूर्वी एखाद्या लोखंडी खिडकीच्या गजाला स्पर्श करावा आणि अंगात नायलॉनचे कपडे नसावेत. जवळ कोरड्या वाळूने भरलेला पत्र्याचा डबा ठेवावा. बॅटरीतून धूर येऊ लागला तर ती चिमट्याने डब्यात टाकून डबा उघड्यावर नेता येतो. माझ्यावर ही वेळ अजून आलेली नाही, तरी डब्याशिवाय मी कामाला बसत नाही.

फोन उघडणे

बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत फोन वापरावा, कारण भरलेल्या लिथियम बॅटरीला इजा झाली तर आगीचा धोका जास्त असतो. मग फोन बंद करून सिमचा ट्रे बाहेर काढावा. सिमची पिन हरवली असेल तर कानातल्याची बारीक दांडी चालते. ट्रे आत विसरून बोर्ड उचलणाऱ्याच्या हातून ट्रेचा सांगाडा मोडतो. फुटलेल्या काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या लावून ती पूर्ण झाकावी, म्हणजे तुकडे सुटत नाहीत.

पाठीच्या कडांवरून ड्रायर मिनिट-दोन मिनिटे सारखा फिरवावा. एका जागी धरू नये. हाताला चांगले गरम लागावे, पण बोट ठेवता येऊ नये इतके तापवू नये. सक्शन कपने एक कड किंचित उचलली की फटीत पिक सरकवून कडेकडेने फिरवावी आणि ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. पाठ सुटल्याबरोबर ओढून बाजूला करण्याचा मोह आवरावा. पाठीवर बोटाचा सेन्सर असेल तर त्याचा पट्टा बोर्डाला जोडलेला असतो आणि एका झटक्यात तो फाटतो. आधी पुस्तकाच्या पानासारखी पाठ थोडी उघडून आत पाहावे.

आता स्क्रू. एका कोऱ्या पुठ्ठ्यावर फोनचे साधे चित्र काढावे आणि जो स्क्रू जिथून निघेल तिथेच तो पुठ्ठ्यात टोचून ठेवावा. हे पोरखेळ वाटले तरी करावे. फोनमधले सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू आवळला तर तो बोर्डाच्या आतल्या बारीक तारा कापत जातो. असा बोर्ड सहसा दुरुस्त होत नाही, आणि चूक झाली आहे हे फोन चालू होईनासा झाल्यावरच कळते.

वरचे प्लास्टिकचे झाकण निघाले की सर्वांत आधी बॅटरीचे कनेक्टर प्लास्टिकच्या काडीने सरळ वर उचलावे. लोखंडी चिमटा इथे चालत नाही. त्यानंतर चालू-बंदचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जातो. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेचे कनेक्टर काढले किंवा लावले, तर बोर्डवरच्या प्रकाशाच्या मार्गातला फ्यूज उडू शकतो आणि मग नवा फोल्डरही अंधाराच राहतो. म्हणून उघडताना बॅटरी सर्वांत आधी सोडावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी लावावी.

चिकटवण्याआधी तपासणे

सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा टप्पा. माझ्या पहिल्याच फोनमध्ये मी तो गाळला. आत्येभावाचा फोन होता. नवा फोल्डर आणला, जुना काढला, गोंद लावून नवा बसवला आणि वरची पातळ फिल्मही सोलून टाकली. रात्रभर रबर बँड लावून ठेवले आणि सकाळी चालू केला तर चित्र सुरेख, पण कळफलकाची सर्वांत खालची ओळ मुकी. स्पेसची कळ दाबली जात नव्हती. फोल्डर मुळातच सदोष होता, पण फिल्म काढलेली आणि कडांना गोंद लागलेला भाग दुकानाने परत घेतला नाही, आणि तसे बिलावर लिहिलेलेही होते. आत्येभाऊ काही बोलला नाही, पण दुसऱ्या फोल्डरचे पैसे मी दिले.

तेव्हापासूनची माझी रीत अशी आहे. जुना फोल्डर फ्रेममध्येच असू द्यावा. फक्त त्याचे कनेक्टर बोर्डवरून सोडावे आणि नवा फोल्डर फोनशेजारी कापडावर ठेवून त्याची स्ट्रिप तिथे लावावी. फिल्म आणि दुकानाचा स्टिकर तसेच राहू द्यावेत. कनेक्टर लावताना घाईने दाबू नये. ते नखाएवढे असते आणि त्यात केसाइतक्या बारीक दातांच्या दोन ओळी असतात. बोटाच्या टोकाने ते सॉकेटवर हलकेच इकडे-तिकडे फिरवावे. बरोबर जागेवर आले की ते किंचित खाली बसल्यासारखे जाणवते, आणि तेव्हाच सरळ खाली दाबावे. टिक् असा बारीक आवाज येतो. तो एका बाजूने आला आणि दुसऱ्या बाजूने आला नाही, तर काढून पुन्हा लावावे. जोर देऊन बसवलेल्या कनेक्टरचा एक दात जरी वाकला तरी रेषा येतात. फोल्डर शेजारी ठेवण्याइतकी स्ट्रिप लांब नसेल तर ती ताणू नये किंवा घडी पडेल इतकी वाकवू नये. अशा वेळी जुना फोल्डर आधी काढून नवा फ्रेममध्ये गोंदाशिवाय नुसता ठेवावा आणि मग जोडावा.

त्यानंतर बॅटरी जोडून फोन चालू करावा. पांढऱ्या, लाल, हिरव्या, निळ्या आणि काळ्या रंगाने भरलेला पडदा पाहावा, उजेड कमी-जास्त करावा. एखादे ॲप चिन्ह बोटाने धरून चारही कडांवरून न सोडता फिरवावे. जिथे ते हातून सुटते तिथे टच मेला आहे. मग कळफलक उघडावा. आपल्या सीमाभागात एकाच फोनवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कळफलक असणे नेहमीचेच आहे, आणि या तपासणीत त्याचा उपयोग होतो. मराठी किंवा कन्नड कळफलकावर काही अक्षरांसाठी कळ दाबून धरावी लागते. सदोष टचमध्ये बोट धरून ठेवले असताना मधेच स्पर्श तुटतो आणि हवे ते अक्षर येत नाही. इंग्रजीत भराभर टाइप करताना हा दोष लपून राहतो. मी निदान दहा मिनिटे तिन्ही कळफलकांवर लिहून पाहतो आणि चार्जरही जोडून पाहतो, कारण काही कॉपी फोल्डर चार्जिंग सुरू झाले की आपोआप उड्या मारू लागतात.

यात काही खोट निघाली तर फोल्डर जसाच्या तसा परत जातो. सगळे ठीक असेल तर फोन बंद करावा, आधी बॅटरी सोडावी आणि मग नव्या फोल्डरचे कनेक्टर काढावे.

जुना काढून फ्रेम साफ करणे

पुढच्या कडा ड्रायरने गरम कराव्यात. काच तुकड्यातुकड्यांनी फुटलेली असेल तर सक्शन कप धरत नाही. मग चिकटपट्टीवर आणखी एक जाड पट्टी लावून तिला धरून उचलावे आणि पिकने वाट काढावी. स्ट्रिप ज्या बाजूने आत जाते ती बाजू शेवटी सोडवावी. बॅटरीच्या बाजूला पिक बेताने चालवावी, कारण बऱ्याच फ्रेमना मध्ये भोके असतात आणि पिक त्यातून थेट बॅटरीला लागू शकते. जुन्या फोल्डरवर कानाच्या स्पीकरची जाळी किंवा सेन्सरवरचे काळे रबर राहिले असेल तर ते अलगद काढून नव्याच्या जागी ठेवावे. ते बहुधा नव्या फोल्डरबरोबर येत नाही.

मग फ्रेमच्या कडेची खाच साफ करावी. या कामाला मी फोन उघडण्यापेक्षा जास्त वेळ देतो. अल्कोहोल लावलेल्या कानकोरण्याने जुना गोंद मऊ करून प्लास्टिकच्या टोकाने खरवडावा आणि काचेचा चुरा चिकटपट्टीने टिपून घ्यावा. फुंकून तो जात नाही, दुसऱ्या कोपऱ्यात बसतो. खाचेत राहिलेला मोहरीएवढा खडा नव्या काचेला खालून टोचत राहतो आणि चार दिवसांनी खिशातच तडा जातो. शेवटी फ्रेम खिडकीच्या सपाट काचेवर ठेवून ती डुलते का ते पाहावे. पडताना फ्रेमचा कोपरा वाकला असेल तर तो सरळ केल्याशिवाय नवा फोल्डर बसवू नये.

चिकटवणे आणि बंद करणे

नवा फोल्डर गोंदाशिवाय एकदा फ्रेममध्ये ठेवून चारही कडा सारख्या बसतात याची खात्री करावी. मग खाचेत बी-७००० गोंदाची शेवयाइतकी बारीक रेघ सलग ओढावी. स्पीकरच्या भोकाजवळ, सेन्सरजवळ आणि पुढच्या कॅमेऱ्याजवळ ती आणखी बारीक हवी. जास्त गोंद लावला म्हणजे पक्के बसते असे नाही. जादा गोंद आत उतरतो आणि पुढच्या वेळी फोन उघडणाऱ्याच्या जिवावर येतो. तीन-चार मिनिटे थांबावे, गोंद किंचित चिवट झाला की स्ट्रिप तिच्या खाचेतून पार करून फोल्डर बसवावा. कनेक्टर, त्यावरची पट्टी आणि शेवटी बॅटरी जोडून फोन पुन्हा एकदा चालू करून पाहावा, आणि मगच रबर बँड लावावेत. बँड घट्ट आवळले तर एलसीडीवर पांढुरके डाग उमटतात. काच फ्रेमला टेकून राहील एवढाच ताण पुरे.

गोंदाची पूर्ण पकड यायला २४ ते ४८ तास लागतात. उन्हाळ्यात मी एका रात्रीनंतर बँड काढतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात घरातले कपडेही चार दिवस वाळत नाहीत, तिथे पूर्ण दोन दिवस धरावेत. त्या दिवसांत पाठ बंद करण्याआधी फोन उबदार, कोरड्या जागी तासभर उघडा ठेवावा, नाहीतर आत अडकलेली ओल पुढच्या कॅमेऱ्याच्या काचेवर धुके होऊन दिसते. चुलीजवळ मात्र ठेवू नये. पाठ चिकटवताना पुठ्ठ्यावरचे स्क्रू एकेक करून मूळ जागी गेले आहेत ना, ते मोजावे. एक जरी उरला तर पुन्हा उघडावे. कंपनीने पाण्यापासून संरक्षणाची हमी दिलेली असली, तरी घरी उघडल्यानंतर ती राहिली असे धरून चालू नये. फोन पावसात काढताना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

नंतर येणाऱ्या अडचणी

फोन थरथरतो, वाजतो, पण पडदा काळा असेल तर कनेक्टर नीट बसलेले नाही असे समजून तिथूनच सुरुवात करावी. दहापैकी नऊ वेळा मला तिथेच दोष सापडला आहे. फोनवर बोलताना पडदा बंद होत नाही, किंवा बंद झाला की उघडत नाही, तर सेन्सरवरचे रबर राहून गेले आहे, नाहीतर त्यावर फिल्मचा तुकडा चिकटलेला आहे. समोरच्याचा आवाज बारीक येत असेल तर जाळीत गोंद गेला आहे. बोटाने उघडण्याची सोय नीट चालत नसेल तर जुने ठसे पुसून नव्याने नोंदवावेत. काही कंपन्यांच्या फोनमध्ये डिस्प्ले बदलल्यावर तो सेन्सर सेवा केंद्रातून पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

काढलेला फोल्डर उकिरड्यावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि टाकाऊ मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी त्यांत कंपन्यांवर टाकलेली आहे, तेव्हा सेवा केंद्रात जाणे होईल तेव्हा तो तिथे द्यावा. तोपर्यंत चिकटपट्टीसह वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावा. ज्या कापडावर काम केले ते अंगणात किंवा परड्यात झटकू नये. चिकटपट्टीने टिपून घ्यावे आणि मग धुवावे. परड्यातली माती खतासोबत शेतात जाते आणि लावणीच्या वेळी त्याच चिखलात बायका दिवसभर अनवाणी उभ्या असतात.